अर्धा कोयता

बीडच्या बसस्थानकावर प्रियदर्शनीच्या चपलेचा अंगठा तुटला, तोही ऐन चिखलात. वरून श्रावणाची सर आणि नेकनूरची गाडी सुटायच्या बेतात. एक पाय उचलून ती बगळ्यासारखी उभी राहिली.

"द्या इकडं."

शेजारच्या तरुणानं आपल्या फायलीची सुतळी सोडली आणि चप्पल अशी आवळून दिली की चांभारानं मान डोलवावी.

"आता फाईल कशानं बांधाल?"

"फायलीला कुठं चालायचंय? चालायचं तुमाला हाय."

ती हसली... आणि नजर फायलीतल्या वरच्या कागदावर गेली. बैलाचा विमा. दावा नामंजूर. खाली छापलेलं — तपासणी अधिकारी : प्रियदर्शनी. तिनं घाईघाईनं पाय चपलेत सरकवला.

"ह्या बाई कुठं बसत्यात, ठावं हाय का?" त्यानं विचारलं. "इचारायचंय, का वो बाई, आमचा बैल खोटाच मेला का?"

"नाही माहीत," ती म्हणाली. "मी... संगीता. कॉलेजात कारकून आहे."

खोटं बोलताना जीभ जराही अडखळली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

त्याचं नाव अंगद, गाव शिरूर कासार. दरवर्षी त्याचे आईबाप बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जात. गेल्या हंगामात तिकडेच बैलाला पान लागलं, साप डसला. मेलेल्या बैलाचा फोटो तिथंच काढला गेला.

पूर्वी असा दावा आला की प्रियदर्शनी ऊसतोड टोळीच्या मुकादमाला फोन लावायची. दोन मिनिटांत खरं-खोटं कळायचं. मग विमा ऑफिसात एआय आलं. बैल शिरूरचा आणि फोटो तीनशे किलोमीटरवरचा, म्हणून त्यानं शेरा मारला — बोगस. हिवाळ्यात अर्धं शिरूर उसाच्या फडात असतं हे बीडमधलं शेंबडं पोरही सांगेल, पण यंत्राला ते कुणी सांगितलंच नव्हतं. नियम मात्र होता, की प्रत्येक निकाल माणसानं तपासायचा.

"दिवसाला दोनशे दावे झाले पाहिजेत," रामेश्वर साहेब म्हणाले होते. "तुम्ही फक्त 'तपासले' दाबा. नाहीतर दाबायला माणसं मिळतात."

घरी वडील आप्पाराव अर्धांगानं खाटेवर. पगार तिचा एकटीचा. तिनं दाबलं, न वाचताच. पोट काय काय करायला लावतं, ते भरल्या पोटानं सांगू नये.

अंगद दर सोमवारी यायचा. ऑफिसच्या खिडकीवर त्याला "पुढच्या आठवड्यात या" मिळायचं आणि बसस्थानकावर ही. भादव्यात त्यानं फडक्यात बांधून सीताफळं आणली.

"एवढी कुणाला?"

"कॉलेजातल्या बाईला. डोळे मिटून खोटं हसती, तिला गोड पायजे."

तिनं सीताफळाची बी त्याच्या अंगावर उडवली. पाऊस थांबला होता, तरी दोघं शेडखालीच उभी होती.

"औंदा मी अर्धा कोयता हाय," तो म्हणाला. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्याला मुकादम अर्धा कोयता म्हणतो आणि घेताना तोंड वाकडं करतो.

"मग दुसरा अर्धा शोधा की."

"शोधतोय न्हवं... सोमवार-सोमवार उगं येतो का बीडला?"

तिचे कान तापले. पण तो एकदम गंभीर झाला. "विम्याचं झालं तर बैल घेऊ, आईबाप गाडीवर जातील. मला हितं गॅरेजात काम मिळतंय. न्हाई झालं, तर मला बी जोडीनं फडात जावं लागंल. आईनं पोरगी बघून ठिवलीय... दसऱ्याच्या आत."

दुसऱ्या दिवशी यंत्राची चूक सांगायला ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी ऐकून घेतलं, वर चहाही मागवला.

"ओळखीचा आहे ना? तेवढा एक दावा मंजूर करून टाकू. बाकीचं उकरू नका."

असेच नाकारलेले बाकीचे एकेचाळीस होते. सगळे तोडकऱ्यांचे बैल, सगळ्यांखाली तिचं नाव. ती दिवसभर ती नावं वाचत राहिली. एका बोटाचं काम होतं. अंगदही मिळाला असता, नोकरीही राहिली असती. सटवा नावाच्या तोडकऱ्याच्या बैलाच्या फोटोत मागे एक म्हातारी तोंडाला पदर लावून बसली होती. संध्याकाळी तिनं लिहून दिलं — ही बेचाळीस प्रकरणं मी तपासलेली नाहीत, सगळी उघडा. प्रत वरच्या ऑफिसला पाठवली. तिला लगेच घरी बसवलं. फेरतपासणीला दोन-तीन महिने लागणार होते, आणि दसरा होता बारा दिवसांवर.

सोमवारी तिनं त्याला सगळं सांगितलं, नावासकट. अंगदनं काखेतली फाईल बाकावर ठेवली.

"माझ्या एकट्याचं व्हत व्हतं?"

"हो."

"अन् तुमी न्हाई म्हनल्या."

"एकेचाळीस घरं होती, अंगद."

"माझं बी एक घर झालं असतं की... तुमच्यासंगं."

तिनं त्याचा हात धरला, भर बसस्थानकात, चार लोकांदेखत. "मला तुम्ही आवडता. पण तसं मिळवून तुमच्या घरात मला नांदता आलं नसतं."

"तुमी केलं ते बरुबर हाय. लई बरुबर हाय." त्याचा आवाज फाटला. "पर आज मला ते बरुबर वाटत न्हाई." त्यानं हात सोडवून घेतला. शिरूरची गाडी लागली होती.

मार्गशीर्षात त्याचा फोन आला. मागं फडाचा गलका होता.

"समद्यांचे दावे मंजूर झाले. सटवाचा बी. टोळीत गूळ वाटला."

"बरं झालं."

"बीडात कुनी बाई व्हती म्हनं, तिच्यापायी झालं, आसं बोलत्यात. मी न्हाई सांगितलं कुनाला." तो थांबला. "तुमची नोकरी?"

"बघतेय... लागेल कुठंतरी."



"बाया रोज नाव घेत्यात त्या बाईचं," अंगद म्हणाला. "माझी बायको बी. म्हनती, देव तिचं भलं करो."

प्रियदर्शनीला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तिनं फोन तोंडापासून दूर धरला आणि रडली.