जेवणाच्या सुट्टीतले ठोके

माझं नाव सोमशेखर. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या कडेला आमचं लहानसं धर्मादाय रुग्णालय आहे, तिथं मी एकोणीस वर्षं ईसीजी काढतोय. छातीवर गार जेल, सहा चकत्या, हातापायांना चिमटे, मग कागद. या कामात भिण्यासारखं काही नसतं. भीती असते ती पेशंटला.

गेल्या फाल्गुनात टॉवेलच्या कारखान्यातला संगमेश मागाजवळच कोसळला. चौतीस वर्षांचा. बारा चाळीसला जेवणाच्या सुट्टीचा भोंगा नुकताच झाला होता, डबा उघडायचाच राहिला. आमच्याकडे आणला तेव्हा काही उरलं नव्हतं. इतक्या तरण्या माणसाचं हृदय असं थांबलं, की रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांची तपासणी करायची, हा आमच्या डॉक्टरांचा नियम. म्हणून दिवसकार्य उरकल्यावर त्याच कारखान्यात कामाला असलेला त्याचा धाकटा भाऊ अमरेश आईला घेऊन कुंभारीहून आला. घरात आता ही दोघंच.

अमरेशचं सगळं स्वच्छ निघालं. आईचं, अक्कम्माचंही ठीक होतं. पण तिला अधूनमधून अंधारी येते असं अमरेश म्हणाला, म्हणून होल्टर लावला. म्हणजे छातीला वायरी आणि कमरेला एक डबी. चोवीस तासांचे ठोके ती टिपते.

दुसऱ्या दिवशी डबी मशीनला जोडली. रात्रभर छान ठोके. सकाळी छान. बारा चाळीसला सरळ रेघ. अकरा मिनिटं. मग पुन्हा ठोके, जणू काही झालंच नाही.

"वायर निघाली असेल," डॉक्टर म्हणाले. "परत लाव."

परत लावली. पुन्हा बारा चाळीस. या वेळी चौदा मिनिटं.

मी सहज विचारलं, "मावशी, दुपारी त्या वेळेला तुम्ही काय करत असता?"

"काय करणार? लेकरू जेवाय येतंय की."

"कोण?"

"संगमेश." ती माझ्याकडं अशी बघत होती, की जणू मीच वेड्यासारखं विचारतोय. "त्याचं थांबलंय न्हवं? मग त्याला माजं देते. जेवस्तवर. जेवला की परत देतोय."

अमरेश खाली मान घालून म्हणाला, "धक्क्यातनं बोलतीय सर. मनावर घेऊ नका."

चौथ्या दिवशी मी तिला माझ्याच खोलीत बसवून मॉनिटर लावला. एरवी आमच्या भिंतीसुद्धा मागांच्या खटखटीनं हलत असतात. भोंगा झाला, माग थांबले आणि एकदम अशी शांतता पसरली, की पंख्याचं कुरकुरणंही मोठं वाटायला लागलं. स्क्रीनवर रेघ सरळ झाली.

अक्कम्मा ताठ बसली होती. डोळे उघडे. खोलीत वास आला... सुताला लावायच्या खळीचा आणि मशीनच्या तेलाचा. दाराजवळच्या स्टुलाकडं बघून ती हळूच म्हणाली, "ऊटा माडप्पा..."

कानडी माझ्या घरातलीच भाषा. जेव रे बाबा, म्हणत होती ती.

स्टूल रिकामं होतं. आणि तिथून कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला. कट्. मग चावल्याचा. मग पुन्हा... कट्.

मी तिचं मनगट धरलं. हात उबदार. नाडी नाही. तिनं माझ्याकडं मान वळवली. "हळू सायेब... लई दिसांचा उपाशी हाय."

सतरा मिनिटं मी ते मनगट धरून उभा होतो.

डॉक्टरांना मी रेघ दाखवली. भाकरीचं सांगितलं नाही. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. "इतका वेळ माणूस जगत नाही. मशीनचा काहीतरी घोळ आहे. पण ठोके चुकतायत एवढं खरं. पेसमेकर बसवून टाकू. मग ते थांबायचा प्रश्नच नाही."

अक्कम्मा तयार होईना. "मग त्यो खाईल काय?" एवढंच म्हणायची. तिला पटवलं ते मी आणि अमरेशनं. त्यानं तिचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "आई, माझी शपथ हाय तुला. मला आता तूच हायस." तेव्हा ती कबूल झाली.

मशीन बसलं. त्यानंतर पहिल्यांदा तपासलं तेव्हा बारा चाळीसला स्क्रीनवर साठचे ठोके, एकसारखे, शिपायाच्या पावलांसारखे. मला बरं वाटलं. अक्कम्मा मात्र दाराकडं बघत रडत होती.

"उंबऱ्यातच उभा हाय. आत येईना झालाय." थोड्या वेळानं म्हणाली, "गेला... आता कुणाकडं जाईल रं हा?"

मशीन बसल्यापासून नवव्या दिवशी अमरेश गेला. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, हात धुऊन डब्याजवळ बसला आणि तसाच कलंडला. सव्वीस वर्षांचा होता. त्याचाही शेवटचा ईसीजी मीच काढला. महिन्यापूर्वीचा त्याचा कागद फायलीत होता. इतका निरोगी ईसीजी मी त्या महिन्यात दुसरा काढला नव्हता.

अक्कम्मा आली ती पंधरा दिवसांनी. रडली नाही. छातीवरच्या टाक्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे बंद कर सायेब. दोगांना मी एकटी पुरले असते."

ते कोण बंद करणार? डॉक्टरांनी तिला समजावलं, झोपेच्या गोळ्या दिल्या. ती माझ्याकडं रागानं बघती तर बरं झालं असतं. ती कुंभारीला परत गेली.

पुढच्याच सोमवारी मी खोलीत एकटा होतो. भोंगा झाला. माग थांबले. खळीचा वास आला आणि दाराजवळ भाकरी मोडायला लागली. दोघांची.

मी मानेवर बोटं ठेवली. एकोणीस वर्षांचा हात आहे, चुकत नाही. काही लागलं नाही. बसलो होतो, दिसत होतं, ऐकू येत होतं... पण आत काही नव्हतं. चिमटे लावून घेतले. रेघ सरळ. चौदा मिनिटं.

आमचे डॉक्टर मनानं फार चांगले आहेत. सांगितलं, तर परवा माझ्याही छातीत मशीन असेल. म्हणून सांगत नाही. माझी मुलगी अकरावीत आहे.

रोज बारा चाळीसला दाराला आतून कडी लावून बसतो. परवा वीस मिनिटं लागली, काल तेवीस. आणि काल जेवणारे तीन होते. तिसऱ्याला दात नसावेत. भाकरी कालवून, चोखून खात होतं कोणीतरी. सावकाश.

अक्कम्माच्या तोंडातही दात उरलेले नाहीत. वाटलं, तीच गेली. ठोके परत आल्याबरोबर कुंभारीला फोन लावला. फोन तिनंच उचलला. बरी होती.

मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "आज उंबऱ्यात ते तिसरं कोण आणलंय रं त्यांनी?"