गार पाण्याची टेस्ट

ही गोष्ट खरी आहे. शपथा घेणार नाही, कारण शपथ घेणाऱ्या माणसांवरचा माझा विश्वास गेल्या वर्षी उडाला.

भुतं रात्री येतात म्हणे. हे भर दुपारी चारला घडलं. नांदेडात, तरोड्यातल्या आमच्या घरी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात.

मी ऋतुजा. लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय काही मानू नका, असं रोज मुलांना सांगते. आता बोला.

आमचे अप्पा आयटीआयमध्ये टर्नर शिकवायचे. घराच्या भिंतीला लागूनच त्यांनी पत्र्याचं वर्कशॉप टाकलं होतं. तिथं ते आणि देविदासकाका मिळून वाफेचं इंजिन करायचे. खेळण्यातलं नव्हे. चार फूट लांब, खऱ्या कोळशावर चालणारं, मागच्या डब्यावर चार पोरं बसवून ओढणारं.

काका इस्लापूरचे. मीटरगेजच्या जमान्यात किनवटच्या लाइनीवर त्यांनी खरी वाफेची इंजिनं चालवली होती. अप्पांकडे लेथ, काकांकडे बॉयलरची अक्कल. नऊ वर्षं लागली दोघांना. माझी आई मी बारावीत असताना गेली. त्यानंतर ते इंजिन आणि हे दोन म्हातारे, एवढंच माझं घर होतं.

दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की इंजिन पेटवायचं आणि गल्लीतल्या पोरांना अंगणात फिरवायचं, असा रिवाज पडला होता.

पण त्याआधी गार पाण्याची टेस्ट. बॉयलर गार पाण्यानं काठोकाठ भरायचा आणि हातपंपानं दाब वाढवायचा, वाफेला लागतो त्याच्या दुप्पट. सांधा कच्चा असेल तर नुसतं पाणी झिरपतं, कुणाला इजा होत नाही. याला दोन माणसं लागतात. एकानं पंप मारायचा, दुसऱ्यानं दाबाचा काटा वाचायचा.

दुपारी चारला पंप काकाच मारायचे. मध्येच थांबून मीटरच्या काचेवर नखानं दोनदा वाजवायचे, काटा अडकलाय का बघायला. टक टक. मग अप्पांना विचारायचे, "किती झालं?"

टेस्ट झाली की पंप त्या दिवशीच्या पेपरात गुंडाळून, दोऱ्यानं बांधून ठेवायचे. गाठ अशी मारायचे की दुसऱ्या कुणाला सुटायची नाही.

"टेस्ट न्हाई तर आग न्हाई," म्हणायचे. "माझ्या इंजिनानं आजवर कुणाला चटका दिला न्हाई, बाई."

२०१४ च्या खंडेनवमीला मी स्वयंपाकघरात होते. काकांची गाडी लेट झाली होती. पोरं अंगणात कधीची ताटकळली होती. काका आल्याचं ऐकलं. थोड्या वेळानं कोळशाचा वास आला.

मग फटाक्यासारखा आवाज झाला.

काका आगीच्या तोंडाशी वाकले होते. बॉयलरचा सांधा फुटून उकळतं पाणी आणि वाफ सगळी चेहऱ्यावर आली. दोन्ही डोळे गेले.

दवाखान्यात अप्पा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "देविदासनं घाई केली. दाब वाढावा म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आवळला. मला वहिनीला सांगायला जमत न्हाई. तू सांग."

मी वीस वर्षांची होते. रुक्मिणकाकूंसमोर उभी राहिले आणि सांगितलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. ती नजर मी विसरले नाही. मला वाटायचं, नवऱ्याचं दुःख आहे.

गोष्ट गल्लीत पसरली. काकांच्या रेल्वेतल्या मित्रांपर्यंत गेली. तीस वर्षं इंजिन चालवलेल्या माणसानं जादा वाफ सोडणारा व्हॉल्व्ह आवळला, यापेक्षा मोठी बदनामी ड्रायव्हरला नाही. सव्वा वर्षानं काका इस्लापुरात वारले. अप्पा मातीला गेले नाहीत. मीही गेले नाही.

वर्कशॉपला कुलूप लागलं.

गेल्या वर्षी अप्पा न्हाणीत घसरले, म्हणून मी सुट्टी टाकून नांदेडला आले. पहिल्याच दिवशी एक लक्षात आलं. चार वाजले की अप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. इतका, की शेजारच्या सुमनबाई खिडकीतून ओरडायच्या.

"ऐकू कमी येतं का, अप्पा?"

"हाव," म्हणाले.

पण मी स्वयंपाकघरातून हळू आवाजात चहाचं विचारलं, की बरोबर ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपच्या भिंतीला लागून कपडे वाळत घालत होते. घरात टीव्ही बोंबलत होता. तरी भिंतीपलीकडून...

खट्... खर्र... खट्... खर्र...

वाटलं, कुणाची तरी शिलाई मशीन असेल.

आवाज थांबला. आणि मग...

टक टक.

हातातली चादर खाली पडली. दहा वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता, पण ओळखायला एक क्षण लागला नाही.

"उंदीर असतील," अप्पा म्हणाले. माझ्याकडे न बघता.

तिसऱ्या दिवशी चारच्या आधी मी कुलूप काढलं. गंजलं होतं, तेल घालावं लागलं. आत लेथवर ताडपत्री, इंजिनावर जुनी सतरंजी. फरशीवर बोटभर धूळ. पाऊल तर सोडाच, पालीचा मागसुद्धा नाही.

फक्त इंजिनाखाली... ओलं होतं.

ताटाएवढं गोल. वरून थेंब पडत होता. वर्कशॉपचा नळ अप्पांनी कधीच तोडून टाकला होता. बॉयलरला हात लावला. ऑक्टोबरच्या उन्हात तापलेल्या पत्र्याखाली तो रांजणासारखा गार होता.

फळीवर पंपाचं पुडकं दिसलं. आवाज पंपाचा, आणि पंप तर बांधलेला! गाठ काकांची. सुटेना, म्हणून दोरा दुसरीकडून कापला.

पेपर कोरडा ठणठणीत होता. आणि आत पंप...

ओलाचिंब. मुठीवर हाताची ऊब.

पंप टाकून, पेपर आणि दोरा मुठीत धरून पळत अंगणात आले. धाप ओसरली तेव्हा सहज पेपरावर नजर गेली.

तारीख ऑक्टोबर २०१३ ची होती.

तुमच्या लक्षात आलं? मला दोन मिनिटं लागली. अपघात २०१४ चा. त्या वर्षी टेस्ट झाली असती, तर पंपाभोवती त्या वर्षीचा पेपर असता. पुडकं सोडलंच नव्हतं कुणी.

मी पेपर अप्पांच्या मांडीवर ठेवला.

त्यांनी पेपरावरची तारीख वाचली. मग म्हणाले, "पोरं जीव खाऊन राहिली होती. याची गाडी लेट. टेस्टला दोन माणसं लागतात. म्हणलं, मागच्या वर्षी तर केली. देविदासनं आल्या आल्या विचारलं. मी म्हणलो, झाली."

"आणि व्हॉल्व्ह? काकांनी खरंच आवळला होता?"

अप्पांनी रिमोट उचलला. टीव्हीचा आवाज वाढवला.

चार वाजले होते.

जगात मी ज्या एका माणसाचं डोळे झाकून ऐकलं, तो माझे वडील. त्यांनी मला खोटं सांगितलं, आणि ते खोटं माझ्या तोंडून एका बाईला तिच्या नवऱ्याच्या पलंगाशी सांगायला लावलं. त्या रात्री मी त्यांचं ताट वाढलं, पण समोर बसले नाही.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादच्या गाडीनं इस्लापूरला गेले. रुक्मिणकाकू ओट्यावर तूर निवडत होत्या. ये म्हणाल्या नाहीत.

मी पायाशी बसले. सगळं सांगितलं. टेस्ट झाली नव्हती, काकांची काही चूक नव्हती, मला माहीत नव्हतं.

"टेस्ट झाली व्हती," काकू म्हणाल्या.

"नाही हो, काकू."

"झाली व्हती. तूच तर पंप मारला व्हता."

मला काही कळेना.

"ह्यांनी विचारलं व्हतं तुझ्या बापाला. कुणासंगं केली म्हून. तर म्हणला, ऋतूनं मारला पंप. तवा ह्यांनी आग लावली." काकूंचा हात सुपातच थांबला. "हे म्हणायचे, लेकराचा हात कच्चा, दाब पुरा आला नसंल. पोरीला बोलू नको. तिला आई न्हाई. आन् तू माझ्याम्होरं येऊन म्हणतीस, काकानं व्हॉल्व्ह आवळला."

आता ती नजर कळली.

डोळे गेल्यावर काका रोज चारला याच ओट्यावर बसायचे, काकूंनी सांगितलं. हात वरखाली करायचे. मग थांबून हवेत दोनदा नख वाजवायचे आणि विचारायचे, "किती झालं, ऋतू?"

मी पिशवीतून पेपर आणि दोरा काढला. काकूंना वाचता येत नाही. त्यांनी दोरा हातात घेतला, गाठ अंगठ्यानं चाचपली.

"गाठ त्यांचीच हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "म्हंजी, तू न्हाई?"

"मी नव्हते, काकू. मी पुऱ्या लाटत होते."

"दहा वर्षं तुला शिव्या देत व्हते, बाई."

आम्ही दोघी रडलो. दोरा मी त्यांच्याजवळच ठेवून आले.

खंडेनवमीला मी नांदेडातच होते. पूजा कसली, लेथवर झेंडूसुद्धा ठेवला नाही. चार वाजायला आले आणि लाइट गेली. टीव्ही बंद पडला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. अप्पांची माझ्याकडे पाठ होती. त्यांनी रिमोट दोनदा दाबला, मग खाली ठेवला.

घर एकदम शांत झालं.

आणि भिंतीपलीकडून...

खट्... खर्र... खट्... खर्र...

टक टक.

मग काहीच नाही. कुणीतरी उत्तराची वाट बघावी, तशी शांतता.

मला वाटलं, आता तरी अप्पा खरं बोलतील. दहा वर्षं झाली, मी गावाला जाऊन आले, सगळं उघडं पडलं. मी मनातल्या मनात हात जोडले होते.

अप्पा भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले,

"झाली रे, देविदास. ऋतूनं केली टेस्ट."

रोज सांगत असल्यासारखं, सवयीनं.

पलीकडून परत सुरू झालं. पहिल्यापासून.

मी पिशवी भरली. सुमनबाईंना अप्पांकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि संध्याकाळच्या बसनं लातूरला आले. जेवणाचा डबा लावून दिलाय त्यांना. फोन करते. खाल्लं का, गोळ्या घेतल्या का, एवढंच. जास्त बोलायला तोंड उघडत नाही.

इथं माझी भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. शेजारी वर्कशॉप नाही, पंप नाही.

आल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी चारला, वह्या तपासत बसले होते. पलंगाच्या बाजूच्या भिंतीतून...

टक टक.

काका इथं का आले, मला माहीत आहे. त्यांना सांगितलंय की पंप मी मारला. मग काटा कुठवर आला होता, हे ते मलाच विचारणार.

मी मोठ्यानं म्हणाले, "काका, टेस्ट झाली नव्हती. मी पंपाला हातसुद्धा लावला नव्हता. अप्पा खोटं बोलले."

आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी चारला परत आला.

वर्ष होत आलं. ज्या दिवशी चारला घरी असते, त्या दिवशी खरं तेच सांगते. तेवढ्यापुरता थांबतो. म्हणून शेवटी इथं सगळ्यांसमोर लिहितेय. देविदासकाकांनी व्हॉल्व्ह आवळला नव्हता. वाचणाऱ्यांत त्यांचे जुने रेल्वेवाले कुणी असतील, तर एवढं ऐकून घ्या.

आज रविवार आहे. लिहिता लिहिता चार वाजून गेले.

मघाशी परत वाजलं. मी सांगितलं, जसं दर वेळी सांगते.

माझ्यावर विश्वास ठेवायला काका तयार असतील. पण त्यांनी बिचाऱ्यांनी आधी त्यांच्या दोस्तावर ठेवलाय.