कानडी ळ

मेधाबाई शाळेत पोचल्या तेव्हा वनिता फाटकातच उभी होती. पहिलीतल्या अश्विनीची आई.

"बाई, तो कम्प्युटर तुम्ही पूजेला मांडलाय काय?" ती म्हणाली. "पोरगी रोज रडत घरी येते. माउस एकदाबी हातात आला नाही म्हणती."

"आज बघते मी," मेधाबाई म्हणाल्या.

हुबळीच्या त्या मराठी शाळेत कम्प्युटर थोडे आणि पोरं फार, म्हणून एका बाकावर दोघं बसत. एकानं माउस धरायचा, दुसऱ्यानं सांगायचं, आणि बाईंनी टाळी वाजवली की पाळी बदलायची. अश्विनीला मात्र जोडीदार नव्हता. कोपऱ्यातल्या बाकावर ती एकटीच बसे. मग तिच्या हातातून माउस घेणार कोण?

मेधाबाई दारापाशी उभ्या राहून बघू लागल्या. अश्विनी बाकाच्या अगदी कडेला बसली होती, अर्धी बाहेरच. हात मांडीवर. उरलेला बाक मोकळा. टाळी झाली तसा सगळीकडे "ए, दे की, माझी पाळी" असा गलका उठला. अश्विनीनं मोकळ्या जागेकडे मान वळवली, जरा वाट पाहिली आणि पुन्हा गप्प बसली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं डबे घेऊन पळाली. मेधाबाई एकेक कम्प्युटर बंद करत कोपऱ्यापाशी आल्या. अश्विनी अजून तिथंच होती.

"धर की माउस. आता तर कोणीच नाही."

"अक्का देत नाही."

पडद्यावर चित्र काढायचं पान उघडं होतं. त्यावर वाकड्यातिकड्या लाल रेघांनी लिहिलं होतं, माझी पाळी. अक्षरं सगळी मराठी. ळ तेवढा कानडी.

मेधाबाईंनी बाकाचा काठ धरला. या वर्गाला ळ अजून शिकवायचाच होता. आणि मराठी शब्दात असा कानडी ळ घालणारी एकच मुलगी त्यांना ठाऊक होती. वेदश्री, त्यांची लेक. जुन्या हुबळीत शेजारच्या घरी खेळता खेळता ती आधी कानडी अक्षरं शिकली, आणि मराठी ळची दोन वाटोळी तिला कधी जमलीच नाहीत. मेधाबाई रागवायच्या. गेल्या वर्षी तापानं ती गेली. दुसरीत होती. एकुलती एक.

मेधाबाई त्या मोकळ्या जागेपाशी वाकल्या. खोबरेल तेलाचा वास आला, नुकत्याच घातलेल्या वेणीचा. रोज इथं येऊन बसता येईल, त्यांच्या मनात आलं. कुणाला काही सांगायला नको. वनिताला सांगू, कम्प्युटर बिघडलाय म्हणून.

मग त्यांना अश्विनीचे मांडीवरचे हात दिसले. बोटांत बोटं घालून घट्ट धरलेले.

त्या बाकाशेजारी गुडघ्यांवर बसल्या.

"वेदू," त्या शेवटी म्हणाल्या, "आता तिची पाळी, बाळा. ऊठ... घरी जा."

माउस बोटभर सरकला, अश्विनीच्या बाजूला. तिनं तो धरला, एक लांब हिरवी रेघ ओढली आणि ती खुदकन हसली.

"गेली?" मेधाबाईंनी विचारलं.

"दारात थांबलीया. घर कुठं, म्हणती. जुन्या घरात दुसरीच माणसं हाईत म्हणे."

खरंच होतं. लेक गेल्यावर त्या घरात राहवेना, म्हणून त्यांनी ते सोडलं होतं. नवं घर तिनं पाहिलंच नव्हतं.

मेधाबाईंनी रिकाम्या दाराकडे तोंड केलं. वर्गात सांगावं तसं, सावकाश आणि स्पष्ट सांगितलं, "उणकल. तळ्याच्या अंगाला, पिठाच्या गिरणीमागची गल्ली. निळं दार. मी कडी लावणार नाही."

अश्विनीनं पडद्यावरून नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला बाई... दारातली बाकीची पोरं पण ऐकायलीत."