न घेतलेली गोळी

वाऱ्याने इकराची छत्री अशी उचलली, की ती थेट अनसच्या पसरलेल्या जाळ्यातच जाऊन पडली.

"पापलेटाची वाट बघत होतो," दोऱ्यांतून ती सोडवत तो म्हणाला, "आणि गावलं काय, तर हे!"

"सोडा लवकर. तिला काटे नाहीत."

"मालकिणीला आहेत वाटतं..."

इकरा खुदकन हसली. मुंबईच्या प्रयोगशाळेतून ती महिनाभराच्या रजेवर मिरकरवाड्यात घरी आली होती. आता रोज दुपारी तिला जेटीवरच काम निघू लागलं. सर यायची, सर जायची, ऊन हसून पळायचं... आणि जाळं सांधणारी अनसची बोटं तिला बघून थबकायची.

"ऑगस्ट लागला, मासेमारीची बंदी उठली, सगळे दर्यावर गेले. तुम्हीच कसे किनाऱ्यावर?"

त्याची सुई थांबली. "मला फिट येते. दोनदा ठरता ठरता लग्न मोडलं. म्हणून तुम्हाला... आधीच सांगतो."

ती उठली नाही. उलट जवळ सरकली. "मी त्यावरच काम करते. मेंदूच्या पेशी ग्लुटामेट नावाच्या रसायनातून एकमेकींना हाका मारतात. त्या ऐकणारे कान म्हणजे रिसेप्टर. कान फार तिखट झाले, की आत नुसता कल्ला. तीच फिट."

"मग कानांत बोळे घालायचे?"

"घट्ट घातले तर माणूस झोपूनच जाईल. थोडेच घालायचे. ते थोडे म्हणजे किती, हेच आम्ही शोधतोय. तुम्ही काय घेता?"

त्याने खिशातली गोळ्यांची पट्टी दाखवली. नाव वाचून ती खुलली. "ही तेच करते! रोज रात्री घेता ना?"

अनसने मान खाली घातली. "काल नाही घेतली. परवाही नाही."

"का?"

"दुपारपर्यंत डोळे पेंगतात. तुम्ही येणार होतात... म्हटलं, झोपाळू दिसू नये."

"वेडा आहेस का? पाण्याच्या काठावर बसून? तुला काही झालं असतं तर मी... आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना फोन लाव!"

त्याने लावला. डॉक्टर रागावले, गोळी आजच पुन्हा सुरू करायला सांगितली. ती फोनला कान लावून ऐकत राहिली, गाल त्याच्या गालापाशी.

"पेंगणारा अनस चालेल मला," ती पुटपुटली. "कायमचा..."

शुक्रवारी दुपारी अनसची अम्मी त्याला घेऊन इकराच्या घरी मागणी घालायला आली. आजाराचं सगळं उघड बोलून झालं. आणि ऐन बोलण्यात नवरदेव भिंतीला टेकून चक्क घोरू लागला!

इकराच्या अब्बांची भुवई चढली. पडद्याआडून ती लाजत, पण ठासून म्हणाली, "उठवू नका, अब्बा. माझ्यासाठीच झोपलाय तो."