काकीश आपा गेल्यावर

कढईतल्या तेलात बुरुलनं बोर्सोकच्या पिठाचा पहिला तुकडा सोडला आणि त्याच क्षणी जमीन थरथरली... तेलावर वलय उठलं. बर्फ वितळू लागल्यापासून घरामागचा डोंगर असाच कण्हत होता. वर कबरस्तानाच्या माथ्यावर भेग पडली होती. अर्धं गाव खालच्या उझगेन शहरात निघून गेलं होतं. पण काकीश आपाच्या मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी तिच्या नावाचे बोर्सोक तळल्याशिवाय ती कशी निघणार?

काकीश आपा म्हणजे तिची आत्या, त्या पिढीतलं शेवटचं माणूस! घोडीचं दूध घुसळताना गाणारी आपा, चहात खडीसाखर बुडवून पोरांना चाटवणारे काका, करारी वडील मामबेत... एकेकाच्या उशाशी बसता बसता बुरुलचं लग्नाचं वय सरलं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दारात सावली पडली. धाकटा भाऊ एसेनबेक! वडील गेल्याचं उशिरा कळल्यावर येऊन भांडून गेलेला, तो आज उगवला होता.

"आपासाठी आलोय, तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "आणि आवर आता. डोंगर काय तुझे बोर्सोक खाऊन गप्प बसणार आहे?"

"बस आधी. चहा घे."

आई त्याचा धावा करत गेली, तेव्हा रशियात कामाला गेलेला तो आला नव्हता. त्या दिवशी मामबेतनं सगळ्यांकडून शपथ घेतली होती, "माझ्या कबरीवर त्याच्या हातची माती पडता कामा नये!" म्हणून वडील गेले तेव्हा बुरुलनं त्याला कळवलं नाही, आणि त्यानं घेतलेला घर बळकावल्याचा आळ निमूट सोसला. खरं कळलं तर हा पोर उन्मळून पडेल, या भयानं तिनं थोरल्यांचीही तोंडं बंद केली होती. "अगं, मी मेले की तुझ्या बाजूनं बोलणारं कुणी उरणार नाही!" काकीश आपा रडून सांगायची. आता ती जीभही मातीआड गेली होती...

एसेनबेकनं हातातला बोर्सोक खाली ठेवला. "ताई, एकच खरं सांग. शेवटी बाबांनी माझं नाव घेतलं होतं?"

शपथेबद्दल एक शब्द, आणि बुरुल निर्दोष ठरणार होती!

"घेतलं होतं रे... सारखे दाराकडे बघत होते."

"मग मला कळवलं का नाहीस?"

"घर जाईल अशी भीती वाटली," ती खाली मान घालून म्हणाली.

एसेनबेक एकाएकी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. "जाऊ दे, ताई. मी माफ केलं तुला... आपल्या दोघांशिवाय आता उरलंय कोण?"

न केलेल्या गुन्ह्याची ती क्षमा तिनं प्रसादासारखी ओंजळीत घेतली.

"चल, बाबांना माती देऊन येतो," तो उठला.

"नको! वर भेग आहे, एसेन!"

"वाट बघत गेले ना ते? मग?"

कोणत्या तोंडानं अडवणार होती ती? ती त्याच्यामागोमाग चढली. कबरस्तानात पाखरूसुद्धा नव्हतं. त्यानं मूठ उघडली, माती कबरीवर पडली... आणि बुरुल मनातल्या मनात आक्रंदली, 'बाबा, शपथ मी मोडली! शिक्षा मला द्या, त्याला नको!'

ते उतरणीला लागले, तोच डोंगर गर्जला. हातात हात घालून दोघं धावत सुटले. ओढ्यापलीकडे पोचून त्यांनी मागं पाहिलं, तर कबरी नव्हत्या, घर नव्हतं... नुसती धूळ! बुरुलच्या मनात आलं, हा बापाचा कोप तर नव्हे?

एसेनबेकचा चेहरा मात्र अश्रूंनी न्हाऊन निघाला होता. "पाहिलंस ताई? माझ्या हातची माती पडेपर्यंत बाबा थांबले होते!"

तिनं डोईच्या रुमालाच्या टोकानं त्याचे डोळे पुसले.

"हो रे राजा," ती म्हणाली, "थांबलेच होते ते."