दोन शेगड्या आणि एक वायर

माझी आणि मिथुनची ओळख एका टूं-टूं आवाजाने करून दिली.

तलासरीला रुजू होऊन मला तेव्हा तीनच दिवस झाले होते. पंचायत समितीतली कारकुनाची नोकरी, जमनाबेनच्या घरामागच्या दोन खोल्यांपैकी डावीकडची खोली, आणि आईने चिंचणीहून गोणीत भरून दिलेली भांडी. गॅसचं कनेक्शन घ्यायच्या भानगडीत मी पडले नाही, कारण मला तिथे राहायचंच नव्हतं. रुजू झाले त्याच दिवशी, मला डहाणूच्या ऑफिसात पाठवा, असा अर्ज टाकून मोकळी झाले होते. तोवर भागवायला बाजारातून एक इंडक्शन आणलं, त्यावर आईचा अॅल्युमिनियमचा टोप चढवला, तांदूळ-पाणी घातलं आणि बटण दाबलं.

टूं... टूं... टूं...

मी बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. ते पुन्हा ओरडायचं. संध्याकाळचे सात वाजले होते, पोटात कावळे कोकलत होते आणि तांदूळ पाण्यात तसेच थंडगार बसले होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

"तुमच्याकडे काहीतरी रडतंय," दारातला माणूस म्हणाला.

शेजारच्या खोलीतला असणार. सावळा, उंच, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नुकतंच तोंड धुतल्यामुळे कपाळावरचे केस ओले. आवाज मात्र इतका हळू, की ऐकायला एक पाऊल पुढे जावं लागलं.

"खराब निघालंय," मी म्हणाले. "उद्या दुकानदाराच्या डोक्यात घालणार आहे."

त्याने टोपाकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे — जरा जास्तच वेळ. "दोन मिनिटं थांबा. दुकानदार वाचेल," म्हणाला, आणि आपल्या खोलीतून एक काळा, गोल लोहचुंबक घेऊन आला. कुठल्याशा जुन्या स्पीकरमधून काढलेला.

"मी मिथुन. इथे आयटीआयत वायरमनच्या मुलांना शिकवतो. ती गोणी ओतू का?"

अनोळखी माणसाने पहिल्या भेटीत माझी सगळी भांडी जमिनीवर मांडली, आणि मी मांडू दिली. चुंबक तो एकेकाच्या बुडाला लावत गेला. अॅल्युमिनियमचा टोप — चुंबक घसरून खाली. पितळेचं पातेलं — घसरलं. कालवणाची मातीची हंडी — तिला तर त्याने नुसतीच हळुवार टिचकी मारली.

"चिकटला तर आपला. नाही तर पाहुणा," तो म्हणाला.

"म्हणजे माझ्या आईने सगळे पाहुणेच भरून दिलेत?"

बिडाच्या तव्याला मात्र चुंबक टक् करून बसला. एका स्टीलच्या पातेल्यालाही बसला. तसाच एक डबाही होता, पण त्याचं बूड फुगीर होतं आणि तो शेगडीवर ठेवला की डुलायचा. "हा नको. बूड सपाट टेकलं पाहिजे, काचेवरच्या गोलाएवढं तरी पाहिजे. मग वीज कमी लागते," म्हणत त्याने शेगडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढली. "तिला श्वास घ्यायला जागा ठेवा. खाली पंखा आहे. आणि जेवण झालं की लगेच प्लग उपटू नका... पंखा थांबू द्या."

मी स्टीलच्या पातेल्यात तांदूळ ओतले, झाकण ठेवलं, बटण दाबलं. आवाज नाही. दोन मिनिटांत कडेने बुडबुडे. मी त्याच्याकडे पाहून हसले, तो हसला... आणि सगळं घर अंधारात गेलं.

"माझ्याही शेगडीवर वरण चालू राहिलंय," अंधारातून तो ओशाळून म्हणाला.

पुढून जमनाबेनचा आवाज आला, "अरे दीकरी, तू पण चालू, तो पण चालू, मग माझी सिरियल क्यांथी चालणार?"

दोन्ही खोल्यांना मिळून एकच जुनी वायर होती. एका शेगडीचा भार ती कशीबशी उचलायची, दुसरीचा आला की फ्यूज हात वर करायचा. मिथुनने तिथल्या तिथे नियम केला. एका वेळी एकच. सकाळी साडेसहा ते सात त्याचे, सात ते साडेसात माझे. संध्याकाळीही तसंच. त्याचं आटोपलं की तो मधल्या भिंतीवर बोटाने दोनदा वाजवणार आणि म्हणणार, "माझं झालं, आता तुमचं."

असा नियम लावून घेतला की माणसं किती वेळ वाट बघत बसतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या नंबरात मला काही काम नसायचं. मग मी त्याच्या दाराशी पायरीवर बसायचे. तो नाचणीची भाकरी हातावर थापायचा, लयीत, बोटं गोल फिरवत, आणि मी त्या हातांकडे बघत राहायचे. कासाच्या पुढे डोंगरात त्याचं घर. वडील भात आणि नाचणी लावतात, आणि घरात अजून चूलच आहे, असं त्याने सांगितलं. माझ्या नंबरात तो माझ्या पायरीवर यायचा, सुकटीचा वास घेत बसायचा आणि मध्येच म्हणायचा, "उकळी आली. आता कमी करा ना. सगळं काही मोठ्यावर चालत नाही."

"हे शेगडीबद्दल की माझ्या आवाजाबद्दल?"

"दोन्ही."

डिसेंबरात एका रविवारी मला आईच्या हातच्या बोंबलाच्या कालवणाची फार आठवण आली. ते मातीच्या हंडीशिवाय लागत नाही, आमच्याकडचं कुणीही सांगेल. मी डोकं लढवलं. तवा चालतो ना? मग खाली तवा, वर हंडी. फसवलं की नाही शेगडीला! आणि खरंच, हंडी तापू लागली. मी खूश. तवा खाली किती तापतोय ते मात्र दिसत नव्हतं. थोड्या वेळाने करकर आवाज झाला, हंडीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आणि लाल रस्सा तव्यावरून काचेवर पसरला. मी शेगडीचं बटण बंद केलं, ओलं फडकं घेतलं आणि पुसायला धावले.

"थांबा."

त्याने माझं मनगट धरलं होतं. केव्हा आत आला कळलंच नाही.

"काच तापलीय. ओलं फडकं लागलं तर तडकेल... आणि हात भाजेल."

"किती वेळ थांबू?"

"पंखा थांबेपर्यंत."

खाली पंखा घरघरत होता. बोंबील वाया गेले होते, हंडी गेली होती, मला रडू यायला हवं होतं. मी नुसती उभी होते. पंखा थांबला. मग आम्ही दोघांनीही ऐकलं की तो थांबलाय. त्याने मनगट सोडलं, पण लगेच नाही.

संक्रांतीच्या आसपास आमचं 'तुम्ही' गळून पडलं. जानेवारीअखेर मी घरी गेले होते, तीन दिवस. परत आले तर सगळं तसंच. साडेसहा ते सात तो, सात ते साडेसात मी.

मग फेब्रुवारीत एक दिवस मला उठायला उशीर झाला. घाईत नंबरबिंबर विसरून मी दूध ठेवलं. पातेलं गरम व्हायला लागलं, आणि लक्षात आलं की भिंतीपलीकडे त्याच्याही शेगडीचा पंखा चालू आहे. मी दिव्याकडे पाहिलं. दिवा मिणमिणलासुद्धा नाही. बाहेर ओट्यावरच्या बोर्डापाशी गेले. तिथे दोन नवे स्विच होते, दोन जाड नव्या वायर, एक त्याच्या खोलीकडे जाणारी, एक माझ्या. त्यावर पंधरा-वीस दिवसांची धूळही बसली होती.

मी आत आले आणि गपचूप दूध बंद केलं. सात वाजता भिंतीवर दोनदा टकटक झाली. "माझं झालं, आता तुझं."

"आले," मी म्हणाले आणि पुन्हा बटण दाबलं.

का केलं ते तेव्हा समजलं नाही, असं म्हणणं खोटं होईल. चांगलं समजलं होतं. तो खोटं बोलत होता आणि मला त्याचं खोटं हवं होतं. त्या दिवसापासून मी रोज साडेसहाच्याही आधी त्याच्या पायरीवर जाऊन बसायला लागले.

मार्च लागला. सकाळी हवेत मोहाच्या फुलांचा गोडसर, जड वास यायचा आणि अर्धी झोप त्या वासातच रेंगाळायची. अशाच एका शुक्रवारी साहेबांनी बोलावून सांगितलं, "डहाणूला जागा रिकामी झालीय. सोमवारी हो की नाही कळवा. नाही म्हणालात तर पुन्हा लवकर मिळणार नाही." बाबा आठ-आठ दिवस बोटीवर, आईचे गुडघे गेलेले, मासळीची पाटी उचलताना तिला कुणीतरी लागतं. चिंचणीहून डहाणू रोजचं येणं-जाणं जमणारं. पाच महिन्यांपूर्वी मी याच बातमीवर पेढे वाटले असते.

संध्याकाळी मिथुनला सांगितलं. त्याचे हात भाकरीवर थांबले, क्षणभर. मग पुन्हा गोल फिरू लागले.

"छान झालं," तो म्हणाला. "घर जवळ."

"एवढंच?"

"...आईला बरं वाटेल."

मी उठून माझ्या खोलीत आले. रात्री जेवले नाही. राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. सोमवारी मी हो म्हणणार, सामान बांधणार, आणि हा माणूस भिंतीपलीकडून दोनदा टकटक करून म्हणणार, माझं झालं. बस्स. त्याच्या मनात आहे हे मला माहीत होतं. पण न बोललेलं मनातलं घेऊन मी चिंचणीला जाऊन काय करणार होते?

शनिवारी सकाळी साडेसहाला त्याची शेगडी सुरू झाल्याचं ऐकलं. मी पायरीवर गेले नाही. पातेलं ठेवलं, पाणी ओतलं, माझी शेगडी सुरू केली. पूर्ण दोन हजार वॅटवर. दारं सताड उघडी ठेवली, म्हणजे पलीकडे नीट ऐकू जाईल.

मिनिटभराने तो दारात आला. पिठाचे हात, चेहरा उतरलेला.

"लाईट गेली नाही," मी म्हणाले.

"नाही."

"जायला हवी होती ना?"

त्याने मधल्या भिंतीकडे पाहिलं.

"मला माहितेय, मिथुन. फेब्रुवारीपासून."

"फेब्रुवारी..." त्याने मनात हिशोब केला असावा. कान लाल झाले. "मग तू रोज थांबत का होतीस? माझं होईपर्यंत?"

"तू का टकटक करत होतास?"

तो उंबऱ्यावर बसला. "जुनी वायर तापत होती. तू इथे राहतेस आणि भिंतीत वायर तापतेय... मला चैन पडेना. तू घरी गेलीस तेव्हा जमनाबेनला सांगून बदलून घेतली. तू आलीस त्या दिवशी सांगायलाच आलो होतो, खरंच. दारात आलो आणि तू विचारलंस, माझा नंबर आला का? मी म्हटलं, अजून नाही, दहा मिनिटं. तोंडातून निघून गेलं. मग रोजच निघायला लागलं." त्याने हातावरचं पीठ खरवडलं. "मला तू आवडतेस, मुक्ता. तू पायरीवर येऊन बसलीस की माझा दिवस सुरू होतो."

इतके महिने ज्या वाक्याची वाट पाहिली, ते इतक्या हळू आवाजात आलं की मला पुढे वाकावं लागलं.

"मग काल छान झालं का म्हणालास? मी साहेबांना नाही म्हणून सांगते. थांबते इथेच."

"नको," तो म्हणाला.

मी एक पाऊल मागे सरले.

"डहाणूला जा. आईला तुझी गरज आहे. माझ्यासाठी थांबलीस तर तिची पाटी कोण उचलतंय याचा विचार रोज करशील, आणि मीही करेन. तू जा... मी येतो."

"कुठे?"

"चिंचणीला. उद्या. माझ्या बाबांना घेऊन, सकाळच्या एसटीने. तू सोमवारी साहेबांना काय ते सांग, पण त्याआधी तुझ्या घरी माझं नाव कळलं पाहिजे."

पलीकडून जळका वास येऊ लागला. पुढून जमनाबेन ओरडली, "कोणाचं तरी जळतंय, बंद करो!" मला पाच महिने शेगडीचे धडे देणारा माणूस आपली शेगडी चालू ठेवून माझ्या उंबऱ्यावर बसला होता. तो धावत गेला, बंद करून आला आणि पुन्हा तिथेच बसला. भाकरीचा कोळसा झाला होता. आम्ही दोघंही हसलो, आणि हसताना माझे डोळे भरून आले.

"आई नाही म्हणाली तर?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी परत येईन."

"तेव्हाही नाही म्हणाली तर? तिचा स्वभाव तुला माहीत नाही. आणि बाबा बोटीवरून आल्यावर—"

"मुक्ता," तो म्हणाला, "तू हो म्हणतेस का, ते तर सांग."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वायरबद्दल बोलले, लाईटबद्दल बोलले, साहेबांबद्दल, आईबद्दल बोलले. त्याला बोलतं करायच्या नादात माझंच सांगायचं राहिलं होतं. तो पिठाचे हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत होता, आणि या खेपेला भिंत मध्ये नव्हती.

"हो," मी म्हणाले.