रिकाम्या खुर्चीचा श्वास

दिवा लावून झाला आहे. आता इथे माझ्याजवळ बस. उद्या तू पहिल्यांदा प्रवासी घेऊन आकाशात जाणार, म्हणून तुझ्या आजीने इतकी वर्षे मनाच्या गाभाऱ्यात झाकून ठेवलेली ही गोष्ट आज तुझ्या स्वाधीन करते.

त्या दुपारी मी सहवैमानिक होते. आभाळ निरभ्र, प्रवासी ब्याण्णव, काम नित्याचे. उड्डाणापूर्वी प्राणवायूचा मास्क तोंडाला लावून एक श्वास घेऊन पाहायचा असतो. माझा पाहून झाल्यावर मी मागे वळले आणि आमच्या पाठीशी असलेल्या रिकाम्या खुर्चीचाही मास्क पाहिला. ही माझ्या गुरूंची शिस्त. परीक्षक म्हणून ते त्याच खुर्चीत बसत आणि बजावत, "आधी स्वतःचा श्वास, मग विमान, मग उरलेले जग." त्यांना देवाघरी जाऊन तेव्हा वर्ष उलटले होते.

कॅप्टन हसले. "अहो बाई, भुतांनाही प्राणवायू लागतो होय?"

"तुमचा पाहिलात का, सर?"

"कालच पाहिलाय. चला, आधीच उशीर झालाय."

पस्तीस हजार फुटांवर मागे कुठेतरी विमानाचे कवच फाटल्याचा धाडकन आवाज झाला. छातीतली हवा कुणी हिसकून न्यावी तशी गेली. क्षणात धुके दाटले, धुळीचा आणि गार धातूचा वास पसरला, भोंगा कर्कश ओरडू लागला. आम्ही मास्क चढवले. मी इंजिनांचा जोर उतरवला आणि विमानाचे नाक खाली केले.

मास्क घातला की त्यातल्या मायक्रोफोनमुळे एकमेकांचे श्वास कानांत ऐकू येतात. माझा येत होता, वायूच्या फुत्कारासह. कॅप्टनांचाही येत होता, पण त्यात फुत्कार नव्हता. त्यांची नळी फाटली होती.

आणि तिसरा श्वास येत होता... संथ, खोल. सोडताना शेवटी बारीक शीळ वाजवणारा. तरुणपणी मोडलेल्या नाकामुळे माझ्या गुरूंचा श्वास तसाच वाजत असे.

मागे वळून पाहण्याचे धैर्य मला झाले नाही.

"काय छान वाटतंय..." कॅप्टन लहान मुलासारखे हसले. "खाली कशाला जायचं? राहू या की इथंच..." त्यांनी सुकाणू आपल्याकडे ओढले. नाक वर येऊ लागले. त्या उंचीवर प्राणवायूवाचून माणसाची शुद्ध मिनिटभरही टिकत नाही, आणि जाते तीही हसत हसत.

"सर, सोडा!"

ते सोडीनात. मला धाप लागली, बोटे बधिर झाली, डोळ्यांपुढे ब्याण्णव माणसे तरळली. मी नाम घेऊ पाहिले, तर तेही ओठांवर फुटेना. तेव्हा तो तिसरा श्वास माझ्या कानाशी आणखी जवळ आला. मण्यामागून मणी सरकावा तसा... आत... बाहेर... आत... माझा श्वास त्याच्यामागून चालू लागला.

उजव्या हाताने मी सुकाणू पुढे रेटून धरले आणि डाव्या हाताने मागे चाचपून रिकाम्या खुर्चीचा मास्क ओढला. त्याच क्षणी ती शीळ अर्ध्यावर तुटली.

मास्क आतून ओला होता. आणि उबदार.

तो मी कॅप्टनांच्या तोंडावर दाबला. "घ्या... घ्या श्वास!" एक फुत्कार, दुसरा, तिसरा. त्यांची मूठ सैल पडली.

"बाई... आपण कुठे आहोत?"

"खाली चाललोय, सर. सगळ्यांना घेऊन."

श्वासापुरती हवा असलेल्या दहा हजार फुटांवर मास्क उतरवले तेव्हा कोवळ्या उन्हात न्हाल्यासारखे वाटले. चाके धावपट्टीला टेकली आणि मागून टाळ्यांचा असा गजर उठला की त्यापुढे मला कुठलाही जयघोष फिका वाटला. ब्याण्णवच्या ब्याण्णव माणसे आपल्या पायांनी उतरली. कॅप्टन मात्र त्या रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडून कितीतरी वेळ उभे होते.

"मघाचा तो प्रश्न मी मागे घेतो," ते हळूच म्हणाले.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी रोज तो मास्क तपासला. विमाने बदलली, रात्रभर बंद असलेली विमाने पहाटे उघडली. तरी मी हात लावावा, तर तो आधीच उबदार असे.

उद्या तूही तपास, बाळा. उबदार लागला, तर मनोमन नमस्कार कर आणि निर्धास्त झेप घे.

गार लागला, तर मात्र... विमान हलवू नकोस.